आजींच्या कोटाची बटणं

दर रविवारी प्रार्थना आटोपली की काजवाली जेवणाचा डबा घेऊन इस्त्रीवाल्या आजींकडे का जाते, हे कोडं मला बरेच दिवस सुटत नव्हतं. नात्याची ना गोत्याची. ती शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करते. स्वतः विधवा, जिभेला धार. आजीही विधवाच. चार घरच्या कपड्यांना इस्त्री करून दिवस काढतात आणि मुलगा जहाजावर आहे, सगळं पाठवतो, असं भेटेल त्याला सांगतात.

आमच्या चर्चमध्ये निराधार विधवांची यादी असते. यादीतल्या बाईला महिन्याचं धान्य आणि औषधं मिळतात. नियम एकच: कमावता मुलगा असेल तर नाव नाही, आईला बघणं त्याचं काम. म्हणून आजी यादीबाहेर.

शेवटी मी काजवालीला विचारलंच. आधी म्हणाली, तुला नसत्या चौकशा फार. मग दाताने दोरा तोडून सांगू लागली. आजींच्या चर्चला घालायच्या कोटाची बटणं तिने वर्षात तीनदा आत सरकवली होती. दर वेळी आजींचं एकच, शिंप्याने सैल शिवलाय. तिसऱ्यांदा हिच्या लक्षात आलं, कोट तोच आहे, आतली बाई अर्धी झालीय. तेव्हापासून डबा. एकटीला घास उतरत नाही, असं सांगून ती आजींसमोर जेवायला बसते.

पण एका डब्यावर आठवडा निघत नाही. म्हणून ती यादीच्या बैठकीला आली. टिपणं घ्यायला मी होतेच. पाद्रीसाहेब म्हणाले, आजी स्वतःच तर सांगतात मुलगा आहे म्हणून.

"असेल. मी विचारलं नाही, विचारणारही नाही. बटण आणखी सरकवायला कोटात जागा नाही, एवढं मला ठाऊक आहे."

माझाही मुलगा लांब असतो. मी यादीचा कागद पुढे सरकवला. पाद्रीसाहेबांनी आजींचं नाव लिहिलं.

आजी फुकटचं घेणार नाहीत, हेही काजवालीने हेरून ठेवलं होतं. वेदीवरची कापडं आजींकडे इस्त्रीला जाऊ लागली, मजुरी धान्यात. वर आजींनी बजावलं, पीठ बारीक दळलेलं हवं, नाहीतर दुसरी इस्त्रीवाली बघा.

काल दुकानात गेले तर काजवालीच्या मांडीवर तोच कोट. बटणं बोटभर बाहेर घेत होती. आजी काय म्हणाल्या, मी विचारलं.

"म्हणाल्या, मेल्या शिंप्याने घट्ट शिवलाय."