काचेतली हत्यारं

माझे सासरे पुरुषोत्तम इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका म्युझियममध्ये आहेत. म्हणजे ते स्वतः घरीच असतात, चहात आलं कमी पडल्याचं मला सांगत. म्युझियममध्ये आहेत ती त्यांची हत्यारं: रंधा, करवत, पटाश्या, गिरमिट. शेजारच्या पाटीवर इंग्रजीत लिहिलंय की, हे शहरातल्या पहिल्या मराठी सुताराचं सामान. त्याबद्दल विचारलं की बाबा म्हणतात, "पहिला कसला? दुसरा कोणी आलाच नाही."

वाईहून ते आले तेव्हा रंधा नि पटाश्या ट्रंकेत कपड्यांच्या घड्यांत होत्या. तिकडे जमिनीवर बसून, लाकूड पायांत धरून काम करायची सवय. इथल्या वर्कशॉपमध्ये पहिल्या दिवशी ते तसेच फरशीवर बसले. फोरमनला वाटलं, माणूस चक्कर येऊन पडला. तो धावत पाणी घेऊन आला. मग बाबा उभ्यानं काम करायला शिकले. कितीतरी घरांना दारं-खिडक्या बसवल्या, स्वतःचं घर घेतलं, परीक्षितला शिकवलं. माझा हा नवरा इंजिनियर झाला, पण त्याला साधं शेल्फ लावता येत नाही, हे बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगतात.

उन्हाळ्यात म्युझियमनं हत्यारं मागितली आणि बाबांनी ती हसत दिली. खंडेनवमी मात्र कुणाच्याच डोक्यात नव्हती.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. दरवर्षी बाबा ती पुसून पाटावर मांडायचे, हळदकुंकू आणि झेंडू वाहायचे. यंदाही सकाळी आंघोळ करून त्यांनी सवयीनं पाट मांडला आणि रिकाम्या पाटापुढे बसून राहिले. चहा तसाच गार झाला.

"आसावरी," ते म्हणाले, "जन्मभर पोसलं गं त्यांनी आपल्याला. आणि मी अडगळ काढल्यासारखी देऊन टाकली. साधा नमस्कारसुद्धा केला नाही."

मला ते ऐकवेना. ऑफिसला सुट्टी कळवली आणि बाबा-सासूबाई दोघांना गाडीत बसवलं. सासूबाईंनी निघताना हळदकुंकवाचा करंडा आणि झेंडूची फुलं पर्समध्ये टाकली.

म्युझियममधली हेलन फार भली बाई. तिनं बाबांसाठी खुर्ची आणली, पण काच उघडायला नकार दिला. हळदकुंकू तर मुळीच नाही, लाकडात डाग उतरतात, म्हणाली. मी भांडायच्या तयारीत होते. बाबांनी मला थांबवलं.

"अगं, जपतायत म्हणून तर नको म्हणतायत. आपण तरी इतकं जपलं होतं का?"

त्यांनी बसल्या जागेवरून काचेकडे पाहून हात जोडले आणि मला विचारलं, "इतक्या लांबून पोचतो का गं नमस्कार?"



सासूबाई पुढे झाल्या. गुडघे दुखत असूनही त्या बाबांच्या खुर्चीपुढे खाली बसल्या आणि म्हणाल्या, "हात पुढे करा. दोन्ही."

"मनीषा, लोक बघतायत."

"बघू देत."

त्यांनी करंडा उघडला. बाबांच्या एका तळव्यावर हळदकुंकू लावलं, मग दुसऱ्यावर. पटाशीनं कापल्याचे जुने वण त्यात झाकून गेले. मग त्यांची ओंजळ करून त्यांनी ती झेंडूनं भरली.

"हत्यारं काय आपोआप चालत होती?" त्या म्हणाल्या. "या हातांनी मला परक्या मुलखात घर दिलं. मी तरी हे कधी बोलून दाखवलं होतं तुम्हाला?" आणि त्यांनी त्या ओंजळीला डोकं टेकवलं.

हेलन कडेला उभी होती. काय चाललंय ते तिला कुणी सांगितलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. हे दोघं माझ्या वाट्याला आले, याबद्दल त्या क्षणी कुणाचे आभार मानू असं झालं होतं.

बाबांचेही डोळे वाहत होते, पण ओंजळ सोडून ते पुसायला काही ते तयार नव्हते. शेवटी सासूबाईंनीच पदरानं पुसले.