लाल गाठ

रफूगाराच्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. कोटाच्याच शिवणीतून धागे उपसून तो भोक असं बुजवी, की गिऱ्हाइकालाही जागा सापडत नसे. नेमकं तेच त्याला सलायचं. म्हणून तीस वर्षं तो आतल्या बाजूला लाल धाग्याची इवलीशी गाठ मारून ठेवी. बायको चिडवायची, "लपवायचा धंदा तुमचा, आणि मिरवायची हौस केवढी!"

समोरच्या दुकानात डोळ्याला भिंग लावून रफू करणाऱ्या भिंगवाल्याशी त्याचं हाडवैर. दोघं एकाच उस्तादाकडे शिकले, पण उस्ताद कौतुक करायचे ते भिंगवाल्याचंच. आता भिंगवाल्याची नजर गेली होती, पण कबूल कोण करतो?

त्या दुपारी भिंगवाल्याची सून मागच्या दाराने एक कोट घेऊन आली. खिशाजवळचं रफू म्हणजे नुसता गुंता होता. मामंजी जेवून पडलेत, म्हणाली. गिऱ्हाईक पाचला येणार, आणि त्याने हा कोट तोंडावर फेकला, तर ते पुन्हा सुई हातात धरायचे नाहीत.

"काका, तुमचं नाव मात्र कुठे यायला नको."

खोटं कशाला बोला, रफूगाराला आधी गुदगुल्याच झाल्या. मग गुंता उसवताना दिसलं, की टाके चुकले असले तरी धागा उस्तादांनी शिकवला तिथूनच उपसला होता. आपणही तिथूनच उपसतो. मग यात आपला हात कुठला आणि त्याचा कुठला? त्याला फार वाईट वाटलं. चारला कोट तयार झाला, सून घेऊन गेली.

पाचच्या सुमारास त्याची नजर लाल रिळाकडे गेली आणि तो ताडकन उठला. सवयीने हाताने गाठ मारली होती! भिंगवाला कोट देण्याआधी आतून बोटं फिरवायचा. त्या बोटांना गाठ कळल्यावाचून राहायची नाही, आणि ती कुणाची हेही.

तो अनवाणीच रस्ता ओलांडून धावला. कोट टेबलावर होता, गिऱ्हाईक समोर उभं, आणि भिंगवाल्याची बोटं खिशापर्यंत पोचली होती. "धागा लोंबतोय," म्हणत रफूगार मध्ये घुसला आणि त्याने गाठ दातांनीच तोडली.

"याची लुडबूड काही जात नाही," भिंगवाला पुटपुटला. बोटं पुढे सरकली, कुठेच अडली नाहीत.

"मास्तर, हात आहे तुमचा," गिऱ्हाईक म्हणालं.

भिंगवाल्याचा चेहरा उजळला. "ऐकलंस ना रे?"

रफूगाराने नुसती मान हलवली. मग ती याला दिसणार नाही हे ध्यानात आलं, तेव्हा त्याने तोंडातला लाल धागा गिळला आणि म्हणाला, "ऐकलं."