आत्याची साधी सर्दी

"ब्रॉन्किओलायटिस," डॉक्टरबाई म्हणाल्या. माझ्या भावाचा पार्थ तेव्हा दीड महिन्याचा होता. फुप्फुसातल्या बारीक नळ्या सुजतात, चिकट स्रावाने भरतात आणि बाळाला श्वास ओढता येत नाही, असं त्यांनी समजावलं. मग विचारलं, "घरात कुणाला सर्दी-खोकला होता का?"

आई नाही म्हणाली. वहिनी पार्थकडे बघत राहिली. मी पर्सची चेन उघडत होते, लावत होते. त्या पर्समध्ये मास्क होता.

मास्क कारखान्यातला. मी साजगावला मसाल्याच्या पॅकिंगला आहे, तिथे नाक झाकल्याशिवाय टेबलापाशी उभं राहू देत नाहीत. मिरचीपुडीला माझी सर्दी लागू नये म्हणून मी इतकी वर्षं काळजी घेतेय.

दवाखान्यात येण्याच्या आठ दिवस आधी कशेळ्याजवळ माहेरी पार्थचं बारसं होतं आणि माझं नाक वाहत होतं. जीपमध्ये मास्क लावला, दारात काढला. बारशाला तोंड बांधून कोण जातं? आईला म्हटलं मात्र, नाव दुसरी कुणी सांगू दे.

"सर्दी कुणाला नाय होत गं? आत्या तू हायस ना?" आई म्हणाली.

खरं तर मला हेच ऐकायचं होतं. पाळण्यात वाकले, बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, नाव सांगितलं. रीतीप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले आणि छातीत अडकलेला खोकला सुटला. हात तोंडापाशी न्यायच्या आत मी पार्थच्या तोंडावर खोकले. सगळ्या हसल्या. मीही हसले.

पाचव्या दिवशी त्याचं नाक वाहू लागलं. आठव्या दिवशी त्याने दूध सोडलं, श्वास घेताना बरगड्या आत जायला लागल्या आणि आम्ही त्याला कर्जतच्या दवाखान्यात आणलं.

नाकाला ऑक्सिजन, दुधासाठी वेगळी नळी. सॅच्युरेशन म्हणजे रक्तात ऑक्सिजन किती, ते मशीनवर दिसायचं. आकडा खाली आला की मी उठायचे. माझं घर भिसेगावात, अगदी जवळ, पण जाववेना. बसवतही नव्हतं. फाटकापर्यंत जायचं, चहा घ्यायचा, न पिता ठेवायचा, परत यायचं. बाकावर एक गृहस्थ तोंड उघडं टाकून खोकत होते. त्यांच्यावर मी केवढ्यांदा ओरडले! स्वतःवर ओरडायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंना सांगून टाकलं. "मला होती. साधीच सर्दी होती."

"मोठ्यांची साधीच असते," त्या म्हणाल्या. "उपचार तेच राहतील. तुम्ही मात्र आता बाहेर थांबा."

बाहेर वहिनी आली तेव्हा मी हात जोडले. तिने ते खाली केले. "मला दिसत होतं, ताई. नको म्हणायचं होतं, पन एवढ्या बायकांत तोंड नाय उघडलं." माझा मान राखायला ती बिचारी गप्प बसली होती, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

दवाखान्यातल्या पाचव्या दिवशी पार्थ पुन्हा अंगावर प्यायला. सातव्या दिवशी घरी गेला. त्या डॉक्टरबाई आणि तिथल्या सिस्टर यांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. तुमच्या घरी तान्हं बाळ असेल तर पाहुण्यांना राग आला तरी येऊ द्या, एवढंच सांगेन.

आता तो नऊ महिन्यांचा आहे. परवा माहेरी गेले आणि अंगणातच मला शिंक आली. ओटीवर शेजारणी बसलेल्या, वहिनीच्या कडेवर पार्थ.

"ताई, तितंच थांबा," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "आज त्याला घ्यायचं नाय."

लागलं नाही म्हटलं तर खोटं होईल. पण दुसऱ्याच क्षणी इतकं बरं वाटलं की डोळे भरले. तिथूनच हाक मारली, "पार्थ्या!"

त्याने मान वळवली, हसला आणि माझ्याकडे दोन्ही हात पसरले. मी मास्क नाकावर ओढला आणि जागची हलले नाही.