योग्य उमेदवार आढळला नाही

मी राज्यशास्त्राचा प्राध्यापक. तीस वर्षं नागपुरात एकच विषय चघळला: सत्तेच्या खुर्चीवर कोणत्या जातीचा माणूस बसतो, आणि तो बसला की धोरण बदलतं का. राखीव जागा वर्षानुवर्षं रिकाम्या कशा ठेवल्या जातात, यावर मी दोन पुस्तकं लिहिली. व्याख्यानात आवाज चढायचा. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सगळे खुर्चीवरच बसले, हे मी सुरुवातीलाच कबूल करून टाकायचो. त्याने टाळ्या जरा जास्तच पडायच्या.

त्या नावलौकिकावरच कळमेश्वरकडच्या एका कॉलेजने मला निवड समितीवर विषयतज्ज्ञ म्हणून बोलावलं. जागा एकच, अनुसूचित जातीसाठी राखीव. मुलाखतीला आलेल्या चौघांत माझी एक जुनी विद्यार्थिनी होती; एम.ए.च्या वर्गात 'सर, याला पुरावा काय?' म्हणून मला हमखास अडवणारी. तिने मुलाखत फक्कड दिली. अशा समित्यांत गुण पेन्सिलीने मांडतात आणि सही पेनने करतात. का, ते मी कधी विचारलं नाही, कारण मला ठाऊक होतं. मी तिला सगळ्यांत जास्त गुण दिले.

मग जेवण. वडाभात होता. संस्थेचे अध्यक्ष स्वतः वाढत होते. वाढता वाढता म्हणाले, "सर, यंदा ही जागा राहू द्या नं. घाई काहून करता? पुढच्या खेपेला पाहू."

मला त्यांच्याकडून काहीही नको होतं. नाही म्हणालो असतो तर फार तर त्यांचं तोंड वाकडं झालं असतं. पण मला भलतंच सुचलं: ही तर माझी विद्यार्थिनी, मी अडून बसलो तर वशिला दिसेल. घाबरलो की मला तत्त्वं फार पटकन सुचतात. समितीतले मागासवर्गीयांचे प्रतिनिधी माझ्याकडेच बघत होते. मी अडलो असतो तर तेही अडले असते. मी खोडरबर मागितला. चौघांचेही गुण खाली आणले आणि 'योग्य उमेदवार आढळला नाही' या शेऱ्याखाली सही ठोकली.

पंधरा दिवसांनी त्याच कॉलेजने तिला तासिका तत्त्वावर घेतलं, म्हणजे जितके तास शिकवशील तितकंच मानधन. विषय तोच, वर्ग तेच. ती जागा अजून रिकामी आहे. पुढच्याच महिन्यात मी रिकाम्या राखीव जागांवर भाषण दिलं, आणि त्यातही आवाज चढवला. आठवलं की स्वतःची किळस येते.

मागच्या महिन्यात रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात ती दिसली. आईला घेऊन आली होती. मी तोंड चुकवणार, तेवढ्यात तिनेच हाक मारली.

"हेच का वं तुये सर?" आईने तिला विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "त्या दिवशी खूप खुश होती सर. मले म्हणे, कमिटीत आपले सर आहेत, आता फिकर नाही."

धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

"आई, सर एकटे काय करतील?" ती घाईघाईने म्हणाली. "सर भांडलेच असतील. त्यांचं कोणी ऐकलं नसेल."

दोघी माझ्याकडे बघत होत्या. खरं सांगायला वेळ भरपूर होता. माझ्या आधी अजून तीन पेशंट होते.

"खूप भांडलो," मी म्हणालो.