गंगामावशींचा उघड्या डोक्याचा फोटो

आज दुपारी वसमतजवळच्या एका शेतात माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

एका दिवंगत फोटोग्राफर सरांच्या स्मरणार्थ आम्हा नव्या पोरापोरींना वर्षभर फोटोग्राफी शिकवतात, त्यात मी आहे. सरांचा एक नियम तिथे अजून पाळतात. फोटोतल्या माणसाला आधी प्रिंट दाखवायची. तो माणूस नको म्हणाला, तर फोटो बाद.

माझा सगळ्यात आवडता फोटो या शेतात कामाला येणाऱ्या गंगामावशींचा. हळद शिजवताना कढईवर वाकलेल्या, पदर कमरेला खोचलेला, डोकं उघडं. एरवी कॅमेरा दिसला की त्या आधी डोक्यावर पदर घेतात. म्हणून विचारायचं मी आजपर्यंत, म्हणजे वर्गाला फोटो पाठवायच्या अगदी शेवटच्या दिवसापर्यंत टाळलं.

मावशींनी पिवळ्या हातांनी प्रिंट धरली.

"तुमी न्हाई म्हणल्या तर काढून टाकते," मी म्हटलं.

"काहून? घरी माझे दोनच फोटू हायत. लग्नातला अन् आधारवरचा. दोन्हीत नुस्ती बसलेली. ह्याच्यात मी काम करून राहिले."

मी तिथेच बांधावर बसले. मोबाईलवरून फोटो वर्गाला पाठवून दिला, तेव्हा कुठे पाणी प्यायले.

घरी येऊन आमचा अल्बम काढला. आई प्रत्येक फोटोत नुसती बसलेली आहे. तुमच्याही अल्बममध्ये बघा बरं.