वाढत्या मापाची सायकल

आमच्या घरात मुलांसाठी काहीही घ्यायचं म्हटलं की दोन बोटं जास्तच घेतात. शाळेच्या ड्रेसची खालची पट्टी आत मुडपून शिवायची आणि दर जूनमध्ये थोडी थोडी उसवत न्यायची. बुटाच्या टोकात कापूस घालायचा. मला असंच वाढवलं, मीही मुलीला असंच वाढवलं. त्यामुळे तिच्यासाठी रोड सायकल घ्यायला अंबाजोगाईतल्या दुकानात शिरलो, तेव्हा कोणती घ्यायची हे माझ्या मनात आधीच ठरलेलं होतं.

मुलगी पंधरा वर्षांची. शाळेतल्या खेळाच्या सरांनी तिला सांगितलं होतं, वीस किलोमीटर तासाच्या आत केलंस तर महिनाअखेरीला जिल्ह्याच्या निवड चाचणीला नाव देतो. घरातल्या जुन्या जड सायकलवर तिला सव्वा तास लागायचा. म्हणून ही खरेदी.

दुकानदार तिशीतला. त्याने मुलीला चप्पल काढून भिंतीला पाठ लावून उभं केलं, दोन पायांमध्ये एक आडवी पट्टी वरपर्यंत टेकवायला लावली आणि जमिनीपासून माप घेतलं. त्र्याहत्तर सेंटीमीटर. त्याला शून्य पॉइंट सदुसष्टने गुणलं आणि एकोणपन्नासच्या मापाची सायकल पुढे काढली.

तिच्या दांडीवर धूळ होती. शेजारी चोपन्नची उभी होती, स्वच्छ पुसलेली. किंमत दोन्हींची एकच. मी मनात म्हटलं, पडून राहिलेला माल आमच्या गळ्यात मारतोय.

"काका, पोरीला हीच बसती," तो म्हणाला.

"आन् दोन वर्षांनी?"

"दोन वर्षांनीबी हीच. या वयानंतर पोरींची उंची लई वाढत न्हाई."

"तुमी डॉक्टर हायेत का?"

मुलगी दुसरीकडे बघायला लागली. दुकानदार हसला. "न्हाई. पण रोज मापं घेतो."

मी चोपन्नचीच घेतली. तो वाद न घालता म्हणाला, आठ दिवसांत आणली आणि टायर झिजलेलं नसलं तर बदलून देईन. एवढ्या सहज कबूल झाला, याचाही मला संशय आला.

घरी येऊन सीट मी स्वतः लावली. पायाचं माप गुणिले शून्य पॉइंट आठशे त्र्याऐंशी, म्हणजे दोन्ही पेडलांच्या मधल्या दांड्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत साडेचौसष्ट सेंटीमीटर. टेप लावून तीनदा बघितलं. उतरताना तिला सायकल तिरकी केल्याशिवाय पाय टेकत नव्हते, पण ती काय रोज उतरणार होती थोडीच, ती चालवणार होती.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, हाताला मुंग्या येतात, मान धरते. मी परत टेप लावला. साडेचौसष्टच. आकडा बरोबर आहे तर तक्रार कशाची? आळस असेल, किंवा दुकानदाराचं बोलणं डोक्यात बसलं असेल. मी म्हटलं, हात लांब होतील, तोवर सवय कर.

चौथ्या दिवसापासून तिची तक्रार बंद झाली. मला मात्र त्यानेच जास्त खटकायला लागलं. शिवाय ठरलेल्या पुलापर्यंत दहा आणि परत दहा एवढंच अंतर असून ती दीड तासाने यायला लागली. जुन्या सायकलपेक्षाही उशिरा. बायको म्हणाली, "पोरगी सायकल चालवती, का सायकल घेऊन कुठं बसती?"

तोच प्रश्न मलाही पडला होता. सहाव्या दिवशी सकाळी ती निघाली आणि दहा मिनिटांनी मी मोटारसायकल काढली. लोखंडी सावरगावच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लागल्या होत्या. पुलाच्या अलीकडे एका मोरीवर ती दिसली. आधी मी आजूबाजूला बघितलं, बरोबर कोण आहे ते. कोणीच नव्हतं. सायकल कठड्याला टेकवून, दोन्ही पंजे काखेत दाबून ती एकटी बसली होती.

"पप्पा? तुमी कशाला आलात?"

"हवा बघायला."

"टायरची का माझी?"

मी खरंच टायर दाबून बघितलं. तीच पुढे बोलली. "बोटं बधिर पडतात. मग ब्रेकपर्यंत पोचतच न्हाईत. मगाशी ट्रॉली एकदम थांबली. मी थेट मातीत घातली सायकल."

"मग सांगितलं कावून न्हाई?"

"सांगितलं की. तुमी म्हणलात हात लांब होतील."

मी तिथेच टेप काढला. सीटच्या टोकापासून हँडलपर्यंतचं अंतर मी आजवर एकदाही मोजलं नव्हतं. ती हात पुढे करून बसली. कोपर काठीसारखं ताठ, खांदे ओढलेले. उंची मोजत बसलो आणि लांबी विसरलो.

तरी मन मानेना. घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या चौकटीशी गेलो. दर पाडव्याला मी तिथे तिची उंची पेन्सिलीने लिहितो. किती वाढते आहे ते तिला दाखवणार होतो. दोन वर्षांपूर्वी एकशे साडेसत्तावन्न. गेल्या वर्षी एकशे अठ्ठावन्न. या वर्षीची रेघ सापडेना. नीट बघितलं तर ती गेल्या वर्षीच्याच रेघेवर होती, म्हणून मी बाजूला फक्त साल लिहून ठेवलं होतं. माझ्याच अक्षरात.

सातव्या दिवशी सायकल घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने टायरवरून अंगठा फिरवला. "ठिवलीय ती," म्हणाला.

"का कोणी घेतलीच न्हाई?"

"दोघं बघून गेले, काका."

"कोण दोघं?"

तो नुसता हसला. एकोणपन्नासच्या दांडीवर धूळ तेवढीच होती, त्यामुळे ते दोघं मला अजूनही पटलेले नाहीत. पण तीच बदलून घेतली, आणि त्याने ती मुलीच्या मापाला मन लावून बसवली. मुलीला टाच पेडलवर ठेवायला लावून पाय सरळ होतो का बघितलं, मागून कंबर डुलते का बघितलं, आणि एक बारीक स्क्रू फिरवून ब्रेकच्या मुठी बोटांजवळ आणल्या. सीटला मी माझा टेप लावला. चौसष्ट पॉइंट चार भरलं. मी सांगितलं. त्याने सीट एक मिलिमीटर वर केली.

दुसऱ्या दिवशी मी पाठोपाठ गेलो नाही. घड्याळ घेऊन फाटकात उभा राहिलो. ती आली तेव्हा एकसष्ट मिनिटं झाली होती.

"कुठं थांबलीस?"

"कुठंच न्हाई. एकच मिनिट ऱ्हायलं, पप्पा. चाचणीला अजून बारा दिवस हायेत."

"हात दाखव."

मी तिच्या दहाही बोटांची टोकं एकेक करून दाबली. "लागतंय का?"

"लई जोरात दाबताय," ती म्हणाली आणि हात ओढून घेतला.