सप्टेंबरवर ढकललेलं पॅरिस

माझ्या बायकोनं तीसेक वर्षं फ्रेंच शिकवलं आणि फ्रान्स कधी पाहिला नाही. आधी एका शाळेत, मग ज्युनियर कॉलेजात, आणि संध्याकाळी घरी, पुढच्या खोलीत सतरंजी टाकून. आमच्याकडे पोरं फ्रेंच घेतात ती मार्कांसाठी. परीक्षा झाली की भाषा रद्दीत जाते. हिची तशी गेली नाही. कणीक मळतानाही ती स्वतःशी काहीतरी घोळत असायची.

एकदा दिंडोरीकडच्या एका वायनरीत फ्रान्सहून कोणी जाणकार आला होता आणि दुभाषी म्हणून हिला बोलावलं होतं. मी स्कूटरवर सोडायला गेलो, आणि उन्हात द्राक्षांच्या मांडवाखाली थांबलो. दिवसभर ती त्या गोऱ्या माणसाबरोबर हिंडत होती. परतताना गंगापूर रोडला लागल्यावर म्हणाली, "तो म्हणाला, मॅडम, तुम्ही अगदी पुस्तकासारखं बोलता. कौतुकच करायचं असेल त्याला."

जायचं राहून गेलं त्याला खास कारण नव्हतं. मुलाचं शिक्षण होतं, माझी आई चार वर्षं अंथरुणावर होती, मग घराचं काम निघालं. आमच्या ओळखीतले लोक दुबई, सिंगापूर करून आले. आम्ही त्यांचे फोटो बघितले, त्यांनी आणलेली चॉकलेटं खाल्ली.

ती निवृत्त झाली आणि दोन वर्षांत तिच्या उजव्या डोळ्याची दृष्टी मधोमध विझली. म्हणजे कडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलेलं. पडद्याचा आजार होता. डाव्या डोळ्यातही त्याची सुरुवात झाली होती. डॉक्टर तरुण बाई होत्या, हळू आवाजात बोलायच्या. म्हणाल्या, "काकू, डावा आज चांगला आहे. असाच किती दिवस राहील, हे मला सांगता येणार नाही. कदाचित बरीच वर्षं राहील."

दवाखान्यातून निघून आम्ही रिक्षात बसलो. शरणपूर रोडच्या सिग्नलला ती म्हणाली, "आपण पॅरिसला जाऊ या."

"कधी?"

"उन्हाळ्याच्या आधी."

कॉलेज रोडवरच्या एका ट्रॅव्हल एजंटाकडे गेलो. त्यानं रंगीत पत्रकं पुढे सरकवली. "काकू, नुसतं पॅरिस कोणी करत नाही. एवढ्याच पैशांत तुम्हाला स्वित्झर्लंड, इटली सगळं दाखवतो. जेवण आपलं, ग्रुप आपला."

"मला एकच गाव बघायचंय," ती म्हणाली. "पण नीट बघायचंय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "त्या म्हणतात तसं करा."

मग डिसेंबर-जानेवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर तेच चाललं. ती भिंग घेऊन नकाशावर वाकायची आणि मी चहा करून आणायचो. उंच मनोऱ्याचं तिला फारसं नव्हतं. तिला नदीकाठचं एक संग्रहालय सावकाश बघायचं होतं, रोज थोडं थोडं, डोळा थकला की बाहेर बाकावर बसायचं. साध्या बसनं गावभर फिरायचं होतं. आणि एका बेकरीत जायचं होतं. फ्रेंचच्या पहिल्या वर्षाला बेकरीतला एक संवाद असतो. गिऱ्हाईक पाव मागतं, दुकानदार विचारतो अजून काही हवं का, गिऱ्हाईक म्हणतं, नको, एवढंच. हा संवाद तिनं शेकडो पोरांकडून पाठ करून घेतला होता, आणि तो एकदा खऱ्या दुकानदाराशी बोलायचा होता. मला दुकानदार करून तिनं घरी सरावही केला. माझे उच्चार ऐकून तिला हसू आवरायचं नाही. त्या दिवसांतलं तिचं हसू मला आठवतं, कारण नंतर ते फार ऐकायला मिळालं नाही.

व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जाऊन आलो. थोड्या दिवसांनी पासपोर्ट आले. मार्चची तिकिटं झाली, स्टेशनजवळचं छोटं हॉटेल ठरलं.

आणि तिकडे संप सुरू झाले.

तिथल्या सरकारनं निवृत्तीचं वय वाढवायचं ठरवलं होतं, त्याविरुद्ध लोक रस्त्यावर आले होते. पहिल्या बातमीला आम्ही हसलोच. ती म्हणाली, "त्यांचं हे दर वर्षाचं असतं. संप हा शब्द मी पहिल्याच सत्रात शिकवायचे." पण एका दिवसाचा संप दुसऱ्या आठवड्यात पुन्हा झाला, मग पुन्हा. रेल्वे बंद, विमानतळावरची माणसं कामावर नाहीत, संग्रहालयाचं दार लावलेलं. मार्च लागला तसा कचरा उचलणाऱ्यांनी काम थांबवलं. ती सकाळी मोबाईलवर फ्रेंच रेडिओ लावून बसायची आणि मला ऐकलेलं सांगायची. फुटपाथवर माणसाच्या उंचीचे ढीग झालेत. उंदीर झालेत. ज्या रस्त्यावर आमचं हॉटेल होतं त्याचंही नाव एकदा बातमीत आलं.

मला त्या लोकांचा राग येत नव्हता, आणि तीच पंचाईत होती. सातपूरला मी ज्या कारखान्यात होतो तिथे एकदा मोठा संप झाला होता. गेटबाहेर मांडव घालून आम्ही महिने काढले. घर तिच्या ट्यूशनवर चालायचं. शेवटी अर्ध्यांना परत घेतलं, त्यात मी होतो. माझ्या शेजारच्या मशीनवरच्या माणसाला घेतलं नाही. पुढे तो घोटीला भावाच्या तांदळाच्या गाळ्यावर बसायला लागला आणि आमचं बोलणं संपलं. संप म्हटला की मला अजून त्या मांडवातला दुपारचा उकाडा आठवतो, आणि कोणाला दोष द्यावासा वाटत नाही.

एका सकाळी तिनं रेडिओ बंद केला. "दोन वर्षं जास्त काम करायचं म्हणून हे सगळं. मला शिकवायला अजून दोन वर्षं दिली असती तर मी आनंदानं केलं असतं."

"शाळेत शिकवणं वेगळं. कचरा उचलणाऱ्याची पाठ साठीला काय होत असेल, बघ."

"तुम्ही त्यांचीच बाजू घेणार."

"बाजू नाही घेत. गेटबाहेर बसलेल्याला आपल्यापायी कोण कुठे खोळंबलंय, ते दिसत नाही. एवढंच मला माहीत आहे."

"मग मी खोळंबलेय म्हणून सांगा त्यांना," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

जायला आठवडा राहिला तेव्हा तिनं हॉटेलला फोन करायचं ठरवलं. पॅरिसमधल्या माणसाशी फ्रेंचमध्ये बोलायची ही तिची पहिलीच वेळ. केस विंचरून, खुर्चीत ताठ बसून तिनं नंबर लावला. पलीकडे एक बाई होती. माझी बायको सावकाश, स्वच्छ बोलली. पलीकडून उत्तर आलं ते मुसळधार. तिनं पुन्हा सांगायची विनंती केली. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा ती बाई इंग्रजीत बोलायला लागली.

मी समोरच होतो. बायकोचा चेहरा पडलेला मला दिसला, पण ती इंग्रजीत पुढे बोलत राहिली. विमानतळावरून गावात यायला गाडी मिळेल का, संग्रहालय उघडं असेल का, विचारत राहिली. मग बराच वेळ ऐकत होती. शेवटी तिनं फ्रेंचमध्ये आभार मानले आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?"

"चांगली होती बिचारी. म्हणाली, या, पण काय उघडं असेल ते मलाच माहीत नाही. मी स्वतः रोज दीड तास चालत कामावर येते. तुमच्या जागी माझी आई असती तर तिला सांगितलं असतं, आत्ता येऊ नको."

पुढे काही वेळानं म्हणाली, "मला निम्मंसुद्धा कळलं नाही हो."

"फोनवर असंच होतं. समोरासमोर कळलं असतं."



दोन दिवसांनी एजंटाचा फोन आला. विमान कंपनीनं आमचं उड्डाण रद्द केलं होतं. दुसऱ्या गावात उतरून पुढे रस्त्यानं जाता येईल, नाहीतर तारीख बदलून घ्या, म्हणाला. "काका, माझं ऐकाल तर सप्टेंबर. हवा छान असते, गर्दी कमी." बंगळूरहून मुलाचा व्हिडिओ कॉल आला. "आई, कचऱ्यात आणि मोर्च्यांत कशाला जायचं? बाबांचे गुडघे, तुझा डोळा. सहा महिन्यांनी जा. पॅरिस कुठे पळून जातंय?"

मी तिच्याकडे बघत होतो. जाऊच या, असं म्हणावंसं वाटत होतं. पण तिथे उतरलो आणि गाडी मिळाली नाही, सगळं बंदच निघालं, तर त्या परक्या फुटपाथवर हिला घेऊन काय करणार होतो? डॉक्टर बाईंनी बरीच वर्षं असंही म्हटलं होतं. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं होतं.

"सप्टेंबर," ती म्हणाली. "तेव्हा नीट बघता येईल."

बॅगा माळ्यावर गेल्या. पासपोर्ट कपाटात गेले आणि त्यांतल्या व्हिसाची मुदत तिथेच संपून गेली. बॅगा ठेवल्या त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस झाला, निफाडकडे गारा पडल्या, बाजारात फुटकी द्राक्षं ढिगानं आली. ती घरी आणली तरी खाल्ली गेली नाहीत. उन्हाळ्यात तिकडचे संप हळूहळू विरले. सरकारनं वय वाढवलंच. रेडिओवर ते ऐकून ती म्हणाली, "त्यांनाही काही मिळालं नाही." त्या आवाजात राग नव्हता.

जुलैत एका सकाळी ती खिडकीशी उभी होती. म्हणाली, "समोरची विजेची तार अशी वाकडी कधी झाली?"

मी जाऊन पाहिलं. तार सरळ होती.

"दाराची चौकटही वाकली आहे," ती म्हणाली. मग उजवा डोळा हातानं झाकला, डाव्यानं पुन्हा चौकटीकडे पाहिलं, आणि खाली बसली.

तासाभरात आम्ही दवाखान्यात होतो. डाव्या पडद्यात रक्त उतरलं होतं. डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली, दर महिन्याला एक. प्रत्येक वेळी मी बाहेरच्या बाकावर बसायचो आणि ती पट्टी लावून, माझा दंड धरून बाहेर यायची. रक्त थांबलं. पण मधला भाग परत आला नाही. घरातल्या घरात ती ठीक वावरते, कडेच्या नजरेनं चहाही करते. वाचणं गेलं. माणसाचा चेहरा गेला. मी समोर बसलो की ती माझ्या कानाकडे बघत बोलते, कारण तसं बघितलं तर मी थोडा दिसतो.

ऑगस्टअखेर एजंटाचा फोन आला, व्हिसाचं पुन्हा करायला हवं म्हणून. मी म्हटलं, विचारून सांगतो.

"जाऊ या आपण," मी तिला म्हणालो. "मी आहे ना. मी सांगत जाईन काय काय आहे ते."

तिनं मान हलवली. "तुम्ही काय सांगणार? दार आलं, पायरी आली. ते इथेही सांगता." मग म्हणाली, "तुमच्यावर राग नाही. पण मला ते बघायचं होतं. बघता येत नसेल तर तिथे जाऊन बसणं माझ्याच्यानं होणार नाही."

मुलानं समजावलं, तिच्या बहिणीनं समजावलं. ती कोणावर चिडली नाही, पण बधलीही नाही. मी एजंटाला नाही म्हणून कळवलं. त्याच महिन्यात तिनं निवृत्तीनंतरही चालू ठेवलेली घरची ट्यूशन बंद केली. तोंडी शिकवा, असं पालक म्हणत होते. ती म्हणाली, "वहीतली चूक दिसत नसेल तर मी काय शिकवणार?"

हिवाळ्यात एकदा आम्ही तपासणीहून परतत होतो. सीबीएस बसस्टँडच्या अलीकडे रिक्षा अडकली. पुढे मोर्चा होता. अंगणवाडीच्या बाया, एका रंगाच्या साड्या, हातात फलक, जिल्हाधिकारी कचेरीकडे चालल्या होत्या. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं. म्हणाला, "आता अर्धा तास गेला. ह्यांचं काही होणार नाय आन् आपला धंदा बसतो."

बायको बाहेरच्या आवाजाकडे कान लावून बसली होती. "कोण आहेत?" तिनं विचारलं. मी सांगितलं.

"लांबून आल्यात?"

"सुरगाणा, पेठ, तिकडून. फलकांवर लिहिलंय."

"चेहरे कसे आहेत?"

मी पाहिलं. तोंडाला पदर लावलेल्या होत्या, काही जणी चालता चालता डबा खात होत्या, एक बाई दुसरीच्या खांद्यावर हात टाकून पाय ओढत होती. घोषणा पुढच्या देत होत्या, मागच्यांचे ओठ नुसतेच हलत होते. "दमल्यात," मी म्हटलं. आणखी सांगायला हवं असं वाटलं, पण शब्द सुचेनात.

ती माझ्या दंडाला धरून बसून राहिली. मोर्चा सरला तेव्हा रिक्षावाल्यानं इंजिन सुरू केलं.